बोलायचं कुठे, किती वेळ आणि कुणाच्या अटींवर?

पिएर बोर्दिय हे फ्रान्समधले फार मोठे समाजशास्त्रज्ञ. १९९६ साली त्यांनी टीव्हीवर दोन व्याख्यानं दिली आणि विषय निवडला टीव्हीचाच. कार्यक्रम म्हणजे एक माणूस बसून बोलतोय, एवढंच. मध्ये चित्रफीत नाही, निवेदक नाही, ‘घेऊया एक छोटासा ब्रेक’ नाही. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलं की, इथे मला वेळेचं बंधन नाही, विषय कोणी माझ्यावर लादलेला नाही आणि ‘प्रेक्षकांना हे झेपणार नाही’ असं म्हणून मला कोणी थांबवणार नाही. टीव्हीवर अशी मुभा सहसा कोणाला मिळत नाही, हेही त्यांनी लगेच जोडलं.

प्रतिमा, माध्यमं आणि विचारवंत यांच्याबद्दल फ्रेंच मंडळींनी इतकं लिहून ठेवलं आहे की नवखा वाचक पहिल्या वीस पानांतच पुस्तक मिटून ठेवतो. त्यांची वाक्यं खरोखर अवघड असतात, काही वेळा विनाकारण अवघड असतात. मला त्यातून एक वाट सापडली. हे लोक वर्तमानपत्राशी, कॅमेऱ्याशी, स्टुडिओशी स्वतः कसे वागले ते आधी पाहायचं आणि सिद्धांत मागाहून वाचायचा. बहुतेकांच्या बाबतीत दोन्हींचं गणित जुळतं. जिथे जुळत नाही, तिथे गंमत आणखी वाढते.

गोष्ट सुरू होते छापील कागदापासून. १८९४ साली आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली. पुढे खरा गुन्हेगार दुसराच असल्याचं दिसू लागलं, तरी लष्कर मागे हटेना. १३ जानेवारी १८९८ रोजी कादंबरीकार एमिल झोला यांनी ‘लोरोर’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर राष्ट्राध्यक्षांना उघडं पत्र लिहिलं. मथळा होता ‘मी आरोप करतो’. झोला यांनी सेनाधिकाऱ्यांची नावं घेऊन आरोप केले होते आणि आपल्यावर खटला भरला जावा, हाच त्यांचा हेतू होता. खटला झाला, शिक्षाही झाली आणि त्यांना इंग्लंडला पळून जावं लागलं. पत्राच्या दुसऱ्याच दिवशी लेखक, प्राध्यापक, शास्त्रज्ञ यांच्या सह्यांचं निवेदन छापून यायला लागलं. मोरिस बारेस या राष्ट्रवादी लेखकाने या सह्या करणाऱ्यांची ‘बुद्धिजीवी’ म्हणून टर उडवली. तुमचं प्रयोगशाळेतलं किंवा व्याकरणातलं ज्ञान ठीक आहे, पण देशाच्या कारभारात नाक खुपसायला तुम्हाला बोलावलं कोणी, असा त्याचा सूर. हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही. ड्रेफस मात्र १९०६ साली पूर्ण निर्दोष ठरला.

या घटनेतून फ्रान्समध्ये विचारवंताचा एक साचा तयार झाला. एका क्षेत्रात नाव कमवायचं आणि ते नाव दुसऱ्या एखाद्या अन्यायाच्या विरोधात खर्च करायचं. तत्त्वज्ञ आणि लेखक ज्याँ-पॉल सार्त्र यांनी हा साचा पुरता वापरला. १९४५ साली मासिक काढलं. १९६४ साली नोबेल नाकारलं. १९६० साली अल्जेरियाच्या युद्धात लढायला नकार देणाऱ्या तरुणांच्या बाजूने १२१ जणांचं जाहीरनामावजा पत्र निघालं, त्यावर सही केली. ऑक्टोबर १९७० मध्ये पॅरिसजवळच्या बियांकूर इथल्या रेनो कारखान्याबाहेर एका पिंपावर उभं राहून त्यांनी कामगारांपुढे भाषण केलं. कामगारांनी फारसं लक्ष दिलं नाही, पण छायाचित्रकार तयारच होते. ते भाषण आज कोणाला आठवत नाही आणि पिंपावरच्या सार्त्रचा फोटो मात्र सगळ्यांना माहीत आहे. माणूस बोलायला आला आणि प्रतिमा होऊन परत गेला.

तत्त्वज्ञ मिशेल फूको यांना हा साचाच खटकत होता. सगळ्यांच्या वतीने, सगळ्या विषयांवर, न्याय आणि सत्य यांच्या नावाने बोलणारा माणूस त्यांना संशयास्पद वाटे. त्यांचं म्हणणं असं की, ज्याला जे जवळून ठाऊक आहे, त्याने त्या जागेवरून लढावं. अणुशास्त्रज्ञाने अणुशास्त्रातून, मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णालयातून. १९७१ च्या फेब्रुवारीत त्यांनी इतरांसोबत तुरुंगांविषयी माहिती गोळा करणारा एक गट स्थापन केला. तुरुंग कसा असावा यावर फूको भाषण देत बसले नाहीत. गटाने प्रश्नावल्या तयार केल्या आणि भेटीसाठी तुरुंगाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या नातेवाइकांमार्फत त्या कैद्यांपर्यंत पोचवल्या. जेवण कसं आहे, थंडीत काय होतं, मारहाण होते का, पत्रं उघडली जातात का. कैद्यांची उत्तरं पुस्तिका म्हणून छापली. विचारवंताचं काम इथे माइक दुसऱ्याच्या हातात देण्याचं होतं. १९८० साली ‘ल मोंद’ या दैनिकाने मुलाखत मागितली, तेव्हा फूको यांनी आपलं नाव छापायचं नाही अशी अट घातली. नाव दिसलं की लोक वाक्य वाचत नाहीत, असं त्यांना वाटे. त्यांची ही अट लोक विसरत नाहीत आणि त्यामुळेच ती मुलाखत प्रसिद्ध झाली, हा भाग वेगळा.

एवढं झालं बोलण्याचं. चित्राचं काय?

इथे समीक्षक रोलाँ बार्थ यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९५७ सालच्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात ते केशकर्तनालयात ‘पारी माच’ या सचित्र साप्ताहिकाचा अंक चाळताहेत. मुखपृष्ठावर फ्रेंच लष्करी गणवेशातला एक कृष्णवर्णीय मुलगा, नजर वर, सलाम करतोय. अंक आहे १९५५ च्या उन्हाळ्यातला. आदल्या वर्षी फ्रान्स व्हिएतनाममध्ये हरला होता आणि अल्जेरियात बंड सुरू झालं होतं. बार्थ म्हणतात, या चित्राला दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर साधी वस्तुस्थिती आहे, एक मुलगा सलाम करतोय. त्यात खोटं काहीच नाही. वरच्या मजल्यावर त्याच चित्राला दुसरं काम लावलं आहे. फ्रान्सचं साम्राज्य थोर आहे, त्याची सगळी लेकरं वर्णभेद न मानता झेंड्याखाली उभी आहेत, मग वसाहतवादावर टीका करणाऱ्यांनी गप्प बसावं. हे वाक्य कोणी लिहिलेलं नाही, त्यामुळे ते खोडूनही काढता येत नाही. विचारलं तर साप्ताहिक म्हणेल, आम्ही फक्त एक फोटो छापला.

गंमत म्हणजे झेंडा त्या मुखपृष्ठावर दिसतच नाही. मुलाची नजर बहुधा झेंड्याकडे असावी, असं बार्थ स्वतःच म्हणतात. झेंडा वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असतो, चित्र त्याला फक्त जागं करतं. बार्थ यांच्या मते मिथक असंच काम करतं. ते इतिहासात घडवलेली गोष्ट निसर्गात असल्यासारखी सादर करतं. तो मुलगा पश्चिम आफ्रिकेतून पॅरिसमध्ये सैन्याच्या एका भव्य खेळासाठी आणला होता. त्याला कोणी आणलं, कशासाठी आणलं, हे सगळं सलामाच्या त्या क्षणात विरून जातं. आजच्या मोबाइलवर रोज येणाऱ्या शेकडो चित्रांना ही दोन मजल्यांची चाचणी लावून पाहा. इतक्या वर्षांनंतरही ती चालते.

बार्थ चित्र वाचायला शिकवतात. लेखक आणि चित्रपटकार गी दबोर म्हणतात, एकेक चित्र वाचत बसू नका, सगळा बाजारच पाहा. १९६७ सालच्या ‘देखाव्याचा समाज’ या त्यांच्या पुस्तकाचा गाभा असा की, देखावा म्हणजे चित्रांचा ढीग नव्हे. माणसामाणसांतले संबंध जेव्हा चित्रांच्या मध्यस्थीने चालू लागतात, त्या अवस्थेचं नाव देखावा. जगण्याची जागा दाखवण्याने घेतली. पुढच्याच वर्षी मे १९६८ चं विद्यार्थी आंदोलन झालं आणि पुस्तकाची कीर्ती वाढली. समाजमाध्यमांच्या काळात तर दबोर यांना भविष्यवेत्ता ठरवलं जातं. मला ते पुस्तक जितकं टाळीबाज वाटतं तितकं उपयोगी वाटत नाही. सगळंच देखावा असेल, तर कुठल्या बातमीत खोट आहे आणि कुठल्या बातमीत नाही, हे ठरवायला त्यातून काही हाती लागत नाही.

मधल्या काळात टीव्ही घराघरांत पोचला आणि विचारवंतांचा पत्ता बदलला. लेखक रेजिस दब्रे यांनी १९७९ साली याचा तीन टप्प्यांत हिशेब मांडला. आधी विचारवंताला मान विद्यापीठ देत असे, मग प्रकाशनसंस्था आणि मासिकं देऊ लागली आणि १९६८ नंतर तो अधिकार माध्यमांकडे गेला. हा तिसरा टप्पा अगदी डोळ्यांसमोर घडला तो मे १९७७ मध्ये. शुक्रवारी संध्याकाळी बेर्नार पिवो यांचा ‘आपोस्त्रॉफ’ हा पुस्तकांवरचा कार्यक्रम असे. लोकप्रियता एवढी की त्यात आलेलं पुस्तक दुकानांत लगेच उचललं जाई. त्या दिवशी तिथे ‘नवे तत्त्वज्ञ’ म्हणून ओळखली जाणारी तरुण मंडळी बसली होती. त्यांत होते बेर्नार-आँरी लेव्ही, देखणे, पांढरा शर्ट, वक्तृत्व उत्तम. साम्यवादातून छळछावण्याच निघतात, असा त्यांचा मुख्य मुद्दा. त्यात तथ्यही होतं. पण पुस्तकातल्या युक्तिवादापेक्षा चर्चा झाली ती माणसांची.

तत्त्वज्ञ जिल दलझ यांनी यावर जे केलं ते मला फार आवडतं. ते टीव्हीवर गेले नाहीत. त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती पुस्तकांच्या दुकानांत फुकट वाटली गेली. त्यात ते म्हणतात, या मंडळींचे विचार शून्य आहेत. कारण एक, त्यांच्या संकल्पना दातातल्या पोकळीएवढ्या मोठाल्या असतात, ‘सत्ता’, ‘कायदा’, ‘बंड’, आणि असे ढोबळ शब्द घेतले की काहीही म्हणता येतं. कारण दोन, विचार जितका पोकळ, तितकं विचार करणाऱ्याचं महत्त्व वाढतं, ‘मी, इतका धाडसी, असं म्हणतो’. त्यांनी खरी नवीन गोष्ट आणली असेल, तर ती साहित्यात बाजारशास्त्र आणण्याची. पुस्तकाने काही सांगण्यापेक्षा पुस्तकाबद्दल बोललं जाणं महत्त्वाचं झालं. लेख, मुलाखती, चर्चा एवढ्या व्हाव्यात की पुस्तक नसलं तरी चालेल. दलझ इथे एक पाऊल पुढे जातात आणि म्हणतात, पूर्वी घटना घडत आणि पत्रकार त्यांबद्दल लिहीत, आता पत्रकारिताच घटना तयार करू लागली आहे.

लेव्ही यांच्याबाबत हा मुद्दा पुढे अगदी विनोदी रीतीने सिद्ध झाला. २०१० साली त्यांच्या एका पुस्तकात त्यांनी जर्मन तत्त्वज्ञ कांटवर टीका करताना ज्याँ-बातिस्त बोतुल या तत्त्वज्ञाचा आधार घेतला. बोतुल नावाचा तत्त्वज्ञ अस्तित्वातच नाही. फ्रेदेरिक पाझेस या पत्रकाराने थट्टा म्हणून जन्माला घातलेलं ते पात्र होतं आणि त्याच्या पुस्तकाचं नाव होतं ‘इमॅन्युएल कांटचं लैंगिक आयुष्य’. लेव्ही यांनी चूक हसत मान्य केली. त्यांचं टीव्हीवर येणं काही थांबलं नाही. बोर्दिय तेव्हा हयात असते तर त्यांना यात जराही आश्चर्य वाटलं नसतं.

आता पुन्हा त्यांच्याकडे वळू, कारण या सगळ्यांत माध्यमांचं यंत्र उघडून आतले नटबोल्ट दाखवले ते त्यांनीच. १९९५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निवृत्तिवेतन आणि सामाजिक सुरक्षेतल्या बदलांविरुद्ध फ्रान्समध्ये प्रचंड संप झाला. रेल्वे जवळजवळ तीन आठवडे ठप्प. बोर्दिय गार द लिओं या स्थानकात जाऊन संपकरी रेल्वे कामगारांपुढे बोलले. पुढच्या महिन्यात ते टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात गेले. संपाचं वार्तांकन टीव्हीने कसं केलं, हाच त्या कार्यक्रमाचा विषय होता. समोर दोन नामवंत निवेदक बसवलेले. बोर्दिय यांना मुद्दा पुरा करता आला नाही, ते वैतागून बाहेर पडले आणि त्यांनी नंतर लिहिलं की, टीव्हीवर टीव्हीची चिकित्सा होऊच शकत नाही. त्या कार्यक्रमाचे कर्ते दानिएल श्नायदरमान यांनी त्यांना जाहीर उत्तर दिलं. तुम्हाला चर्चा नको होती, तुम्हाला व्यासपीठ हवं होतं, असा त्यांचा रोख. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. त्या कार्यक्रमानंतर दोनच महिन्यांनी बोर्दिय यांनी ती विनाअडथळ्याची व्याख्यानं दिली.

त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं. टीव्हीवरची सेन्सॉरशिप बहुतेक वेळा कोणी वरून फोन करून लादत नाही. ती घड्याळात असते. दीड मिनिटात उत्तर द्या म्हटलं की फक्त आधीच सगळ्यांना पटलेली गोष्ट सांगता येते, कारण तिला पुरावा लागत नाही. रूढ समजुतीविरुद्ध काही म्हणायचं तर आधी पार्श्वभूमी, मग पुरावा, मग निष्कर्ष, म्हणजे वेळ हवा. त्यामुळे झटपट विचार करणारे, कुठल्याही विषयावर तयार असणारे ठरावीक चेहरे पुन्हा पुन्हा बोलावले जातात. संध्याकाळी सहा-आठ चौकटींतून एकमेकांवर ओरडणारी मराठी वृत्तवाहिनीवरची चर्चा पाहिलेल्या कोणालाही याचं उदाहरण वेगळं द्यायला नको.

चर्चेचे त्यांनी दोन प्रकार पाडले. एक, साफ खोटी चर्चा, जिथे भांडणारे दोघे नंतर एकत्र जेवायला जातात. दुसरी, खरी वाटणारी पण खोटी. इथे तज्ज्ञ ऊबदार स्टुडिओत, संपकरी बाहेर थंडीत घोळक्यात. निवेदक प्रोफेसरला आदराने विचारतो, ‘तुमचं विश्लेषण काय?’ आणि कामगाराला विचारतो, ‘पण प्रवाशांच्या हालांचं काय?’ एकाला स्पष्टीकरण मागितलं जातं, दुसऱ्याला जाब. कोणाला किती सेकंद मिळाले, कोणाला मध्येच तोडलं, आभार कोणत्या सुरात मानले, बोर्दिय हे सगळं बारकाईने बघत. शिवाय पत्रकार एकमेकांची वर्तमानपत्रं वाचून आपली बातमी ठरवतात, त्यामुळे वाहिन्या वाढल्या तरी बातमी तीच राहते. स्पर्धेतून विविधता येते हा समज इथे चक्क उलटा पडतो. आणि सगळ्यांच्या वर प्रेक्षकसंख्येचा आकडा. गुन्हे, अपघात, क्रिकेट किंवा फुटबॉल यांनी कोणी दुखावत नाही आणि वेळ मात्र भरतो. तो वेळ दुसऱ्या कशाचा तरी होता. दाखवून दाखवूनच लपवता येतं, ते असं.

पत्रकार चिडले. सगळ्यांना एकाच मापाने मोजलं, अशी त्यांची तक्रार होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण २००४ साली बोर्दिय यांच्या बाजूने साक्ष आली ती अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. १९८७ साली खासगी झालेल्या ‘टेएफ उं’ या सर्वांत मोठ्या वाहिनीचे प्रमुख पात्रिक ल ले यांनी आपला धंदा समजावून सांगितला. आम्ही कोका-कोलाला विकतो ती प्रेक्षकांच्या मेंदूची मोकळी वेळ. आमचे कार्यक्रम दोन जाहिरातींच्या मध्ये मेंदू रिझवून, सैल करून जाहिरातीसाठी तयार ठेवतात. इतकं स्वच्छ तर कुठल्याच तत्त्वज्ञाने लिहिलं नव्हतं.

समाजशास्त्रज्ञ ज्याँ बोद्रियार यांचा रस्ता वेगळा. त्यांच्या मते प्रतिमा आधी वास्तवाचं प्रतिबिंब असे, मग ती वास्तव झाकू लागली आणि आता तिला वास्तवाची गरजच उरलेली नाही. १९९१ च्या आखाती युद्धावर त्यांनी ‘लिबेरासिओं’ दैनिकात तीन लेख लिहिले. युद्ध होणार नाही, युद्ध खरंच होतंय का, युद्ध झालंच नाही, अशी त्यांची शीर्षकं. बॉम्ब पडले नाहीत असं त्यांना म्हणायचं नव्हतं. एका बाजूने आधीच आखून ठेवलेली, पडद्यावर पाहायची, जोखीम जवळजवळ शून्य असलेली ही कारवाई आहे आणि तिला युद्ध म्हणणं म्हणजे जाहिरातीला बळी पडणं, असा त्यांचा रोख. हे हवेतून आलेलं नव्हतं. डिसेंबर १९८९ मध्ये रुमानियातल्या तिमिशोआरा इथे सामूहिक हत्याकांडाचे बळी म्हणून जगभर दाखवलेली प्रेतं गरिबांच्या दफनभूमीतून उकरलेली होती, हे फ्रेंच प्रेक्षकांना नुकतंच कळलं होतं. संशयाला जागा होती. पण इराकमध्ये हजारो माणसं मेली आणि ‘झालंच नाही’ या चमकदार शीर्षकाने तो संशय स्वतःच देखावा झाला. वर्तमानपत्री मथळ्यांवर टीका करणारा माणूस मथळ्यातच अडकला. मला बोद्रियार वाचायला मजा येते, पण मी त्यांच्यावर फारसा विसंबत नाही.

कारण सगळंच आभास असेल, तर खऱ्या चित्राचं काय करायचं? हा प्रश्न अतिशय गंभीर रूपात २००१ साली समोर आला. ऑगस्ट १९४४ मध्ये नाझींच्या ऑशविट्झ-बिर्केनाऊ या मृत्युछावणीत, प्रेतं जाळायला ज्यांना जबरदस्तीने लावलं जाई, त्या ज्यू कैद्यांपैकी काहींनी लपवून चार फोटो काढले. फिल्म टूथपेस्टच्या नळीतून बाहेर गेली आणि पोलंडच्या क्राकुफमधल्या भूमिगतांच्या हाती पोचली. पॅरिसमधल्या प्रदर्शनासाठी कलेचे इतिहासकार जॉर्ज दिदी-ह्युबरमान यांनी या फोटोंवर निबंध लिहिला आणि वादाला तोंड फुटलं. दिग्दर्शक क्लोद लांझमान यांनी ज्यूंच्या संहारावरच्या साडेनऊ तासांच्या ‘शोआ’ चित्रपटात जुनं एकही चित्र वापरलेलं नाही. गॅसकोठडीतल्या मृत्यूची गुप्त फिल्म सापडली तर मी ती नष्ट करीन, असंही ते म्हणाले होते. त्यांच्या गोटातल्या लेखकांनी दिदी-ह्युबरमान यांच्यावर कडाडून टीका केली. त्यांचं म्हणणं, तो संहार कुठल्याही चित्रात मावत नाही, चित्र दाखवलं की लोकांना वाटतं, पाहिलं, समजलं, संपलं.

दिदी-ह्युबरमान यांचं उत्तर २००३ सालच्या पुस्तकात आहे. चित्र म्हणजे सगळं सत्य नव्हे आणि चित्र म्हणजे निव्वळ भूलही नव्हे. जीव धोक्यात घालून ज्यांनी ते फोटो काढले, त्यांनी आपल्याकडे काहीतरी मागितलं आहे, आणि ‘हे कल्पनेपलीकडचं आहे’ असं म्हणून बाजूला होणं सोपं आहे. त्यांनी फोटोंच्या कडांकडे लक्ष वेधलं. छापताना अनेकदा हे फोटो कापले जात आणि दाराभोवतालचा काळा भाग काढून टाकला जाई, कारण त्यात ‘काही दिसत नाही’. पण तो काळोख म्हणजे गॅसकोठडीचा आतला भाग. फोटो काढणारा तिथे लपून उभा होता. एका फोटोत तर नुसत्या झाडांच्या फांद्या आणि आकाश आहे, कॅमेऱ्यातून पाहायलाही त्याला सवड नव्हती. हे सगळं कापून टाकलं की धोका, घाई, जागा, म्हणजे साक्षच कापली जाते.

तत्त्वज्ञ जाक रांसिएर यांचा आक्षेप मात्र या संपूर्ण मालिकेला आहे. दबोरपासून बोद्रियारपर्यंत सगळे गृहीत धरतात की प्रेक्षक निष्क्रिय आहे, भुललेला आहे, आणि त्याला जागं करायला कोणीतरी शहाणा हवा. हे आधी कोणी ठरवलं? पाहणारा माणूस तुलना करतो, निवडतो, आपल्या आयुष्याशी जोडून बघतो, हेही एक कामच आहे. या एका प्रश्नाने कितीतरी फ्रेंच पुस्तकांचं वजन निम्मं होतं, माझ्या मते बोर्दिय यांचं मात्र होत नाही. कारण प्रेक्षक कितीही हुशार असला, तरी घड्याळ आणि माइक त्याच्या हातात नसतात.

कोणाला इथून पुढे स्वतः वाचायचं असेल, तर बोर्दिय यांच्या त्या दोन व्याख्यानांचं बारकं पुस्तक इंग्रजीत मिळतं, ते आधी घ्यावं. मग ‘मिथॉलॉजीज’मधले कुस्तीवरचे आणि साबणाच्या जाहिरातींवरचे छोटे लेख. शेवटचा सैद्धांतिक भाग पहिल्या वेळी सोडला तरी चालतो. दबोर वाचले नाहीत तरी फार बिघडत नाही.